फुलीवरचा तारा

तारा पुन्हा डावीकडं सरकायला लागला तशी ऋतुजानं अंगठ्याखालचं बटण हलकेच दाबलं. तारा थबकला, जरासा थरथरला आणि मुकाट्यानं फुलीच्या मधोमध येऊन बसला. भिंगातल्या लाल रेघांची फुली आणि तिच्यावरचा तो पांढरा ठिपका, या घडीला तिचं जग एवढंच होतं. नाकाचा शेंडा गार पडला होता, मान अवघडली होती, पण डोळा काढायची सोय नव्हती. डोळा हलला की तारा हातचा गेला.

“किती राहिलं, मामा?”

“मिनिटभर. बोलू नको, हलंल.”

“बोलल्यानं तारा थोडाच हलतो?”

“तारा न्हाई हलत. तू हलतीस.”

तिला हसू फुटलं आणि तारा टुणकन फुलीबाहेर उडाला. तिनं घाईघाईनं बटणं दाबून त्याला परत आणलं, पण तोवर सुंदररावांनी जिभेनं ‘च्च’ केलंच. मिनिट संपलं तसा त्यांनी कॅमेरा बंद केला आणि सासरा-सून दोघंही त्याच्या पाठीवरच्या इवल्या पडद्यावर वाकले. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे, त्यातल्या शेवटच्या ताऱ्यापाशी लालसर धूर, आणि धुरात एक काळा खळगा. धुळीचाच ढग तो, पण नीट पाहिलं तर घोड्याचं मुंडकं. हा घोडा पकडायचा म्हणून सुंदररावांनी आख्खा हिवाळा गच्चीवर काढला होता. आज घोडा होता, पण त्याच्या आजूबाजूचे सगळे तारे लांबट उमटले होते.

“तांदूळ,” सुंदरराव म्हणाले. “पुन्हा तांदूळच. मला ज्वारी पायजे, गोल.”

“माझं चुकलं. हसले मी.”

“असू दे.” त्यांनी कमरेवर हात ठेवून पाठ मागं वाकवली. दूर डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे उघडझाप करत होते. मग ते दुर्बिणीकडंच बघत म्हणाले, “पोरी, एक मशीन येतंय म्हनं. आपोआप तारा धरून ठिवणारं. तेवढं बघ बरं मोबाईलवर. पर माणूस लागायचं न्हाई असं बघ.”

ऋतुजाचा अंगठा अजून बटणावरच होता. तिनं तो उचलला आणि पदर डोक्यावर घेतला. जेवणं होऊन फार वेळही झाला नव्हता, तरी त्या रात्री तिनं लवकर खाली जायचं ठरवलं.

*

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. या घरात सून सासऱ्यासमोर बसत नसे. बसत नसे म्हणजे बसतच नसे. सासरे ओसरीवर असले की तिनं आतल्या दाराच्या चौकटीआड उभं राहायचं, पदर कपाळापर्यंत. आणि सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही. चहा हवा असला तर सुंदरराव भिंतीकडं बघून म्हणत, “चहा झाला असंल तर बघा,” आणि भिंतीनं निरोप पोचवावा तसा चहा येई. यात कुणाचा कुणावर राग नव्हता. रीत होती. सुंदरराव दहा वर्षं पंचायत समितीचे सभापती होते, गावोगावच्या सुनांनी त्यांच्या सभेत उठून पाण्यासाठी भांडावं म्हणून त्यांनीच भाषणं ठोकली होती, पण घरची रीत ती घरची रीत.

ऋतुजाचं माहेर गेवराईचं. हायवेला लागून घर, रात्रभर ट्रकांची घरघर आणि दिव्यांचा असा लखलखाट की आकाश पांढुरकंच दिसायचं. फिजिक्समध्ये पदवी घेतली, विजयसिंहशी लग्न झालं, पुण्यात संसार मांडला, आणि वर्षभरात विजयसिंहला कंपनीनं जर्मनीला धाडलं. तिचा व्हिसा होईपर्यंत ती लिंबागणेशच्या या अंगाला, सासरी आली. व्हिसा आज होतो, उद्या होतो. सासू वत्सलाबाई जिभेनं तिखट, पण मनानं वाईट बाई नव्हती. तरी दिवसच्या दिवस असे जात की ‘मीठ कुठंय’ आणि ‘दूध तापलं का’ यापलीकडं एक वाक्य कुणी तिच्याशी बोलत नसे.

दुर्बीणही अशीच पुण्याहून सामानातून आलेली. विजयसिंहनं हौसेनं घेतली आणि हौस फिटल्यावर खोक्यात टाकली. सुंदरराव निवडणूक हरले, ओसरीवरची गर्दी आटली, चहाचं पातेलं लहान झालं, आणि एके दिवशी त्यांनी ते खोकं उघडलं. माणूस रिकामा बसला की कशाच्या नादी लागेल सांगता येत नाही. कुणी पत्त्यांच्या, कुणी भजनाच्या. हे ताऱ्यांच्या लागले.

दुर्बिणीला मोटार होती, आकाशाबरोबर फिरवणारी. पण मोटारीची चाल म्हाताऱ्या बैलासारखी, मधेच ढिली, मधेच घाईची. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बांधायची, तिच्यात कुणीतरी एका ताऱ्यावर डोळा ठेवायचा आणि तो फुलीवरून ढळला की बटण दाबून मोटारीला टोचणी द्यायची. सुंदररावांची पाठ वाकेना. त्यांनी आधी सालगडी सटवाला बसवलं. सटवा भिंगाला डोळा लावून चक्क घोरला. त्या रात्रीच्या फोटोत तारे नव्हते, गांडुळं होती.

ऋतुजा तेव्हा गच्चीवर वाळवणाचे सांडगे गोळा करत होती. सुंदरराव दुर्बिणीला म्हणाले, “कुणाला जमत असंल तर बघा.” तिनं सांडग्यांची परात खाली ठेवली. पदर भिंगावर येत होता, तो तिनं मागं टाकला. उभ्यानं जमेना, खुर्ची होती, ती बसली. सासऱ्यासमोर, खुर्चीत, उघड्या डोक्यानं. आणि सुंदरराव शेजारी उभे राहिले. कामच तसं होतं, त्यामुळं कुणाला काही म्हणता आलं नाही. त्या रात्री तारे गोल आले, आणि कामाच्या ओघात सुंदरराव तिच्याशी थेट बोलून गेले: “वर घे. अजून. हां, बास, पोरी.”

तेव्हापासून ते बोलतच होते. खाली भिंतीशी बोलणारा माणूस वर आला की सुटायचा. निवडणुकीत कुणी कसा दगा दिला, लहानपणी कपिलधारच्या जत्रेत कसे हरवले, विजयसिंह सातवीत कुठल्या विषयात नापास झाला आणि घरी काय सांगितलं. तीही बोलायची. कॉलेजचं, गेवराईचं, पुण्यात शेजारीण कशी तिची कढीपत्त्याची कुंडी न विचारता ओरबाडायची ते. फुलीवर तारा ठेवून माणूस खरं तेवढंच बोलतं, असं तिला वाटे, कारण खोटं रचायला डोकं रिकामं नसतं.

आणि आता माणूस न लागणारं मशीन यायचं होतं. म्हणजे ती खुर्ची जाणार होती.

*

मशीन का हवं, ते तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. ती चुलीशी भाकरी थापत होती आणि वत्सलाबाईंचा आवाज ओसरीवरून आत येत होता. त्यांचा आवाज तसा शिवारापर्यंतही जाई.

“दिसभर राबती पोरगी आन् सांजच्याला तुमच्या त्या नळकांड्याला डोळा लावून बसती. एवढ्या थंडीत! लेकाला काय सांगताव, बायकोची मान मोडली म्हणून? आन् लोक बघतेत ना. सून खुर्चीत आन् सासरा उभा. कावून करताव असं?”

“म्हणून तर मशीन आणतोय,” सुंदरराव म्हणाले. “सुटंल ती.”

ऋतुजाच्या हाताखालची भाकरी फाटली. तिला रडू आलं नाही, राग आला. सुटेल म्हणे! मला कुणी विचारलं, सुटायचंय का म्हणून? सगळ्या घरात एकच जागा होती जिथं ती नुसती सून नव्हती, आणि तिथून तिची सुटका करायला सगळे एकदिलानं निघाले होते. तिनं भाकरी पुन्हा मळली, पुन्हा थापली आणि यावेळी ती तव्याएवढी गोल झाली.

तरी काम सांगितलं होतं, ते तिनं केलं. दुपारी तूर निवडता निवडता ती मोबाईलवर वाचायची. मशीन म्हणजे तरी काय, तिच्या डोळ्याच्या जागी एक छोटा कॅमेरा आणि तिच्या अंगठ्याच्या जागी एक वायर. तारा ढळला की कॅमेऱ्याला दिसणार आणि वायर मोटारीला टोचणार. दुर्बीण लहान, तिच्या स्टँडला फार वजन पेलायचं नाही. तेव्हा पाठीवर आहे तीच छोटी दुर्बीण ठेवायची, मोठ्या दुर्बिणीच्या पोटातूनच थोडा उजेड चोरणारी एक महागडी जोडणीही मिळत होती, पण ती आपल्या कामाची नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मग तिनं पुण्याच्या एका दुकानाला फोन लावला.

“मॅडम, बजेट किती आहे?” दुकानदारानं विचारलं.

“दोन भोंगे आणि एक ॲम्प्लिफायर.”

पलीकडच्यानं प्रश्न पुन्हा विचारला. खरं तेच होतं. सुंदररावांनी प्रचाराचे भोंगे विकायला काढले होते, लिंबागणेशच्या बंकट मांडववाल्यानं ते घ्यायचं कबूल केलं होतं, आणि जे येईल तेवढ्यातच मशीन बसवायचं असा त्यांचा हुकूम होता. “आता वरडायचं तर कुणाला न्हाई,” असं ते म्हणाले होते.

दुकानदार भला माणूस निघाला. त्यानं समजावून सांगितलं. एक प्रकार असा की नुसता कॅमेरा घ्यायचा आणि लॅपटॉपला जोडायचा. स्वस्त, आणि कामाला चोख. मात्र लॅपटॉपपाशी जाणतं माणूस हवं. तारा निवडा, मशीनला दिशा शिकवा, ढग आला तर थांबवा. दुसरा प्रकार स्वतंत्र. तळहाताएवढी डबी, तिलाच पडदा, तिलाच बटणं. एकदा तारा दाखवला की पुढचं ती बघते, माणसानं झोपलं तरी चालतं. पण नवी घ्यायची तर भोंगे पुरायचे नाहीत.

“तुमच्या बजेटमध्ये लॅपटॉपवालाच घ्या मॅडम. डोळे झाकून.”

विजयसिंहचा जुना लॅपटॉप कपाटात होता. आणि मामा लॅपटॉपकडं विरोधी पक्षाकडं बघावं तसं बघत. म्हणजे लॅपटॉप आला की त्याच्यामागं ऋतुजा आलीच. तिनं फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी तूर निवडताना तिच्या तोंडून गाणं निघालं. दुकानदारानंच सांगितलं होतं, तिनं थोडंच मनानं काही रचलं होतं?

पण माणसाचं मन मोठं बिलंदर. दुसऱ्या दिवशी तिनं सहज म्हणून वापरलेल्या सामानाच्या जाहिराती चाळल्या आणि तिथं ती स्वतंत्र डबी दिसली. छत्रपती संभाजीनगरच्या एक डॉक्टरीणबाई विकत होत्या. त्यांनी मोठं काही घेतलं होतं. ऋतुजानं फोन केला. बाई गोड बोलल्या, भाव भोंग्यांच्या आवाक्यात आणून ठेवला आणि वर म्हणाल्या, “अगदी नव्यासारखी आहे हो. माझ्या वडिलांनासुद्धा जमायची.”

ऋतुजानं जाहिरात बंद केली. मग पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. सांगितलंच नाही तर? खोटं बोलायचं नव्हतं काही, नुसतं बोलायचं नव्हतं. दोन दिवस ती गप्प राहिली आणि त्या दोन दिवसांत वत्सलाबाईंनी तिला तीनदा विचारलं, “बरं न्हाई का गं?”

*

शेवटी बैठक बसली. सुंदररावांना बैठकीशिवाय कुठला निर्णय घेता येत नसे, मग ती बोअरवेलची असो की बैलाच्या झुलीची. ओसरीवर ते स्वतः, खाली भोंगे न्यायला आलेला बंकट, पायरीवर सटवा. वत्सलाबाई दाराशी आणि चौकटीआड ऋतुजा.

“विचारा तिला,” सुंदरराव भिंतीला म्हणाले, “काय काय मिळतंय.”

“ऐकलं ना तू?” वत्सलाबाई मागं न बघता म्हणाल्या. “मग सांग. मला त्यातलं काय कळतंय?”

ऋतुजानं लॅपटॉपच्या प्रकाराचं सगळं सांगितलं. स्वस्त, चोख, दुकानदार काय म्हणाला ते. बंकट मान डोलवत राहिला.

“म्हंजी आमच्या मिक्सरसारखं झालं की, सभापती. आवाज चांगला येतोय, पर बटनाला माणूस लागतंय.”

“तुला कुणी विचारलंय बे?” सुंदरराव म्हणाले. मग भिंतीकडं बघून, “तिला म्हणावं, माणूस न लागणारं काईच न्हाई का?”

नाही, म्हणायला काय जात होतं? एक शब्द. कुणी उलटून विचारणार नव्हतं. ऋतुजानं चौकटीच्या फटीतून बघितलं. सुंदरराव सतरंजीवर बसले होते आणि बसल्या बसल्या मूठ वळून कमरेवर घासत होते, खालून वर, खालून वर. सगळा हिवाळा ते उभे होते. खुर्ची एकच होती आणि तीत ती बसायची; दुसरी आणली असती तर सासरा आणि सून एका पातळीवर बसले असते, म्हणून त्यांनी ती कधी आणलीच नाही. हे तिला माहीत होतं. रोज दिसत होतं. पण आज त्या मुठीकडं बघून तिला ‘नाही’ म्हणवेना.

“आहे,” ती म्हणाली. “संभाजीनगरला एक आहे, वापरलेलं. भोंग्यांत बसतंय. त्याला कुणी लागत नाही. मामांना खुर्चीत बसून चालवता येईल.”

सटवानं पायरीवर खडा टाकून वाजवला.

“मग तेच घ्यावं,” सुंदरराव म्हणाले. नेहमीसारखे मोठ्यानं नाही, जरा हळूच.

बंकटनं भोंगे उचलले. ऋतुजा आत गेली आणि विनाकारण पाण्याचा हंडा घासायला बसली.

*

डबी आली. ऋतुजानंच ती जोडली, छोट्या दुर्बिणीच्या मागं कॅमेरा बसवला, वायर मोटारीला लावली, सासऱ्यांना बटणं दाखवली. सुंदररावांनी जपून तारा निवडला. डबीच्या पडद्यावर तो फुलीवर आला आणि तिथंच बसून राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ऋतुजाला तो तारा जरा निर्लज्जच वाटला; तिच्या हातून इतका शहाण्यासारखा कधी बसला नव्हता.

“ज्वारी!” फोटो बघून सुंदरराव ओरडले. “अगदी टपोरी ज्वारी! बघ, पोरी.”

खरंच होती. घोड्याची मान, कपाळ, नाकाडसुद्धा. तिला मनापासून आनंद झाला.

“जा आता तू,” ते म्हणाले. “थंडीत कशाला? सुटलीस.”

ती सांडग्यांची रिकामी परात घेऊन खाली आली. वास्तविक त्या परातीचं वर काही काम नव्हतं.

पुढचे दिवस सुरळीत गेले. पुण्याचे पाहुणे हुरड्याला येऊन गेले, ज्वारी काढणीला आली, घोड्याचा फोटो मोबाईलवरून गावभर झाला. लोक म्हणाले, सभापतींनी घोडा आणला. ऋतुजा संध्याकाळची भांडी घासून खोलीत जाऊन बसे. वरून आवाज येत नसे. आधी गच्चीवरून सुंदररावांचं बोलणं खाली स्वयंपाकघरापर्यंत येई, आता नुसती मोटारीची बारीक घरघर. ओसरीवर ते पुन्हा भिंतीशी बोलू लागले होते, आणि भिंतीशीही कमीच.

“काय मशीन आणलंस बाई,” वत्सलाबाई एकदा दूध गाळता गाळता म्हणाल्या. “आल्यापासून ह्यांचं तोंड बघ. निवडणुकीत पडले तवा बी असं नव्हतं.”

“नीट चालत नाही का?”

“चालतंय की. तेच तर.”

व्हिसाच्या कागदाला पुढच्या महिन्याची तारीख मिळाली होती. म्हणजे आणखी एक अमावास्या, फार तर दोन. मृग आता अंधार पडतानाच पश्चिमेला कललेला असे.

त्या अमावास्येच्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर बंकट ओसरीवर आला. त्याच्या हातात मांडवातली एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती, पाठीवर पांढऱ्या रंगानं आकडा टाकलेली.

“सभापतींनी मागिवली,” तो म्हणाला. “एकच. म्हनलं, लग्न हाय का काय कुणाचं?”

वत्सलाबाईंनी खुर्चीकडं बघितलं, मग जिन्याकडं, आणि त्याला चहा दिला. सटवा खुर्ची वर ठेवून आला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सुंदरराव अर्ध्या जिन्यात येऊन थांबले. टोपी नव्हती डोक्यावर.

“मशीन बिघडलं,” त्यांनी जाहीर केलं.

“बिघडलं?” बंकट म्हणाला. “परवा तर मला दावलं तुमी, कसं चालतंय! आना इकडं, आमच्याकडं ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारं पोरगं हाय, एका दिसात...”

“काय गरज न्हाई बे! चहा पी गुमान.”

बंकटनं गुमान चहा प्यायला. मग सुंदररावांनी भिंतीकडं नाही, वत्सलाबाईंकडं नाही, तर सरळ आतल्या चौकटीकडं बघितलं.

“ऋतुजा,” त्यांनी हाक मारली. “वर ये जरा.”

आतल्या चौकटीआड उभ्या ऋतुजाच्या हातातला डाव हातातच राहिला. लग्न होऊन आल्यापासून या घराच्या ओसरीवर त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं. वत्सलाबाईंनी बशी खाली ठेवली.

“जा की,” त्या म्हणाल्या. “आमटीकडं मी बघते. आन् शाल घे.”

*

गच्चीवर खुर्च्या दोन होत्या. एक जुनी, भिंगापाशी. दुसरी लाल, तिच्या शेजारी, हातभर अंतरावर. छोट्या दुर्बिणीत कॅमेऱ्याच्या जागी पुन्हा फुलीचं भिंग बसवलेलं होतं, नीट, घट्ट. मशीनची डबी कठड्यावर होती, तिची वायर गुंडाळून वर सुताची गाठ मारलेली. बिघडलेली वस्तू इतकी व्यवस्थित कुणी बांधून ठेवत नाही.

“बघ बरं, काय झालंय त्याला,” सुंदरराव म्हणाले आणि तिच्याकडं पाठ करून पवनचक्क्यांचे दिवे बघत राहिले.

ऋतुजानं गाठ सोडली, डबी हातात घेतली आणि बटण दाबलं. पडदा लगेच उजळला. ‘तारा निवडा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ त्यावर आली आणि वाट बघत थांबली. तिनं पुन्हा बटण दाबून पडदा मिटवला. वायर होती तशी गुंडाळली, गाठ मारली.

“हे लवकर दुरुस्त व्हायचं नाही, मामा,” ती म्हणाली. “जुनं मॉडेल आहे. याचे सुटे भाग मिळत नाहीत.”

“मला वाटलंच व्हतं,” सुंदरराव म्हणाले. त्यांनी भिंगापाशीच्या खुर्चीकडं हात केला. “बस.”

ती बसली. पदर मागं टाकला, शाल मानेपर्यंत ओढून घेतली, भिंगाला डोळा लावला. तारा कडेला कुठंतरी होता. तिनं एक एक बटण दाबत त्याला फुलीपर्यंत आणलं. मग तिला शेजारी प्लास्टिकची खुर्ची कुरकुरल्याचा आवाज आला. सुंदरराव आधी टोकावर टेकले, आणि थोड्या वेळानं पाठ टेकून बसले.

“सुरू करतो,” म्हणत त्यांनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

खालून वत्सलाबाईंच्या फोडणीचा वास आला. बंकट सटवाला काहीतरी सांगत होता आणि सटवा हसत होता.

“बोल की काहीतरी,” सुंदरराव म्हणाले. “लई दिस झाले.”

“तांदूळ होतील, मामा.”

“होऊ देत. भात बी खातावच की आपण.”

ऋतुजाला हसू आलं. तारा टुणकन फुलीबाहेर उडाला. तिनं या खेपेला घाई केली नाही. हसणं संपू दिलं, डोळा पुसला आणि मग बटण दाबून त्याला जागेवर आणलं. “गेवराईच्या आमच्या शेजारणीची एक गंमत आहे,” ती सांगू लागली.